शेरीफचा लिलाव आणि ओव्हरकोटचा सेल: जुनी अमेरिकन साप्ताहिकं कशी वाचावीत

१९०० ते १९१५ या काळातलं, अमेरिकेतल्या एखाद्या जिल्ह्याच्या गावचं साप्ताहिक उघडा. अंक डिसेंबर-जानेवारीचा घ्या. पान सहा-सात कॉलमांचं असतं. एका कॉलमात मुंगीएवढ्या अक्षरांत शेरीफच्या (कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या जिल्हा अधिकाऱ्याच्या) लिलावाची नोटीस आणि तिला खेटून जाड खिळ्यांत पुरुषांच्या ओव्हरकोटांचा सेल. बहुतेक लोक हे दोन्ही ओलांडून खून, आग आणि लग्नाच्या बातम्यांकडे जातात. माझं मत उलट आहे. पहिल्या पानावरच्या बातम्या सुटल्या तरी चालतील, पण या दोन गोष्टी सोडू नयेत. गावात उधारी किती तुंबली होती, कुठला दुकानदार बुडायला आला होता, हे संपादक लिहीत नाही, कारण तो त्याच दुकानदाराच्या जाहिरातीवर जगतो. नोटीस आणि सेल मात्र ते सांगून टाकतात. अट एवढीच, की दोन्ही शेजारी ठेवून वाचायला हवेत.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या वाचकाला हे काम जमण्यासारखं आहे. जागेचा व्यवहार निघाला की वकील आधी पेपरात जाहीर नोटीस द्यायला लावतो. मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, हरकतीची मुदत हे आपल्या नजरेखालून रोज जातं. खडेबाजार आणि गणपत गल्लीतले सेलही आपल्याला नवे नाहीत. सवय तीच कामाला येते. फक्त आपला कायदा तिकडे नेऊन चिकटवायचा नाही, हे पथ्य पाळायचं.

अंक मिळवणं सोपं आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा संग्रह फुकट आहे. आधी राज्य निवडा, मग जिल्हा, आणि त्या जिल्ह्यात कोर्ट ज्या गावात होतं तिथलं साप्ताहिक. शेजारच्या गावचं साप्ताहिक कितीही चांगलं असलं तरी त्यात नोटिसा कमी सापडतील. शोधाच्या चौकटीत नाव टाकून थेट निकालावर उडी मारू नका. जुन्या छपाईचं यंत्रवाचन ढिसाळ असतं. 'आर' आणि 'एन' चिकटून 'एम' होतो, ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द दोन शब्द म्हणून नोंदला जातो, आणि किमतीतला दशांशाचा टिंब गळून ९.९५ चे ९९५ होतात. नोटिशीचा टाइप सगळ्यांत बारीक, म्हणून चुका तिथेच सगळ्यांत जास्त. ऑक्टोबर ते मार्चचे सगळे अंक ओळीनं डोळ्यांखालून घालणं हाच खात्रीचा मार्ग. नावानं शोधायचंच असेल तर आडनावाची तीन-चार वेगवेगळी स्पेलिंगं करून पाहा.

आणखी एक फसगत. गावच्या साप्ताहिकाची सगळी पानं गावात छापलेली नसायची. शिकागो किंवा तशाच मोठ्या शहरातल्या कंपन्या कागदाची एक बाजू आधीच छापून पाठवत. त्यात क्रमशः कादंबरी, शेतीचे सल्ले आणि औषधांच्या जाहिराती असत. गावचा छापखाना उरलेली बाजू छापायचा. वेस्टर्न न्यूजपेपर युनियन हे या धंद्यातलं मोठं नाव. तेव्हा चार पानांच्या अंकात दुसऱ्या-तिसऱ्या पानावर कपड्याची जाहिरात दिसली म्हणून ती गावातल्या दुकानाची समजू नका. पारख सोपी आहे: त्याच आठवड्याचा दुसऱ्या जिल्ह्याचा अंक उघडा. तिथेही तेच पान दिसलं तर ते बाहेरून आलेलं.

आता नोटीस. वाचायला सुरुवात तळापासून करा. शेवटी '१२-९-४टी' अशी खूण असते: ९ डिसेंबर, चार वेळा. ही खूण छापखान्यातल्या माणसासाठी, मजकूर कधी काढायचा ते कळावं म्हणून. काही पेपर पहिल्या प्रसिद्धीची तारीख घालतात, काही शेवटच्या. सलग दोन अंक पाहिले की त्या पेपरची रीत कळते. 'टीएफ' दिसलं तर 'थांबवा म्हणेपर्यंत छापा', आणि ती बहुधा जाहिरात असते, नोटीस नव्हे. नोटिशीच्या डोक्यावर कंसात 'पहिली प्रसिद्धी' म्हणून तारीख असली तर तीच तुमच्या वहीत घ्या. किती आठवडे छापायचं ते त्या-त्या राज्याचा कायदा ठरवतो: कुठे तीन, कुठे चार, कुठे सहा. शेवटी प्रकाशक शपथपत्र करून देतो की नोटीस अमुक तारखांना छापली, आणि ते शपथपत्र कात्रणासह कोर्टाच्या फाइलला लागतं. एक आठवडा चुकला तर पुढचं सगळं काम धोक्यात. म्हणूनच एखादी नोटीस दोन आठवड्यांनी गायब होऊन पुढं नव्या तारखेनं पहिल्यापासून सुरू झालेली दिसते. तो नवा खटला नसतो. जुनाच, दुरुस्त केलेला. मोजणी करताना असे खटले दुप्पट धरले जातात, ही नेहमीची चूक.

कोर्टाची नावंही राज्याप्रमाणे बदलतात. मृताच्या मिळकतीचं काम बऱ्याच ठिकाणी प्रोबेट कोर्टात चालतं, न्यूयॉर्कमध्ये सरोगेट कोर्टात, पेनसिल्व्हेनियात ऑर्फन्स कोर्टात, आणि त्या काळच्या जॉर्जियात कोर्ट ऑफ ऑर्डिनरीमध्ये. ऑर्फन्स कोर्टाच्या नोटिशीवरून अनाथाश्रम शोधायला जाऊ नका. या नोटिशीत धनकोंना मुदत दिलेली असते: अमुक महिन्यांत आपलं येणं दाखल करा, नाहीतर हक्क बुडेल. मृत माणूस दुकानदार असेल तर पुढच्या हंगामात त्याचा माल सेलला येतो का, हे पाहायलाच हवं.

परगावच्या प्रतिवादीला पेपरातून समन्स काढलेलं असेल तर एक तारीख लक्षात ठेवा. पेनॉयर विरुद्ध नेफ या १८७८ च्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की राज्याबाहेरच्या माणसावर नुसत्या पेपरातल्या नोटिशीनं पैशाचा वैयक्तिक हुकूमनामा करता येणार नाही. आधी राज्यातली त्याची मिळकत कोर्टाच्या ताब्यात यायला हवी. म्हणून अशा समन्सात जमिनीचं वर्णन किंवा जप्त मालाचा उल्लेख जवळजवळ नेहमी सापडतो. नसेल तर तो घटस्फोटाचा दावा असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे पेपरातून समन्स हा बदली बजावणीचा प्रकार. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ५ नियम २० मध्ये त्याबद्दलचं वेगळं पोटकलम १९७६ च्या दुरुस्तीनं आलं आणि ते दैनिकच मागतं. तिकडे गावचं साप्ताहिक चालायचं.

शेरीफच्या लिलावाच्या नोटिशीवर थोडं थांबू, कारण तिथे सगळ्यात जास्त माहिती आहे आणि वाचक सगळ्यात जास्त तिथेच अडखळतो. ओहायोच्या पश्चिमेला बहुतेक राज्यांत जमीन चौकोनांत मोजलेली आहे. एक टाउनशिप म्हणजे सहा मैल लांब, सहा मैल रुंद. तिचे ३६ सेक्शन. एक सेक्शन एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. त्याचा चतकोर १६० एकर, आणि चतकोराचा चतकोर ४० एकर. सेक्शनचे आकडे ईशान्य कोपऱ्यात १ पासून सुरू होऊन पश्चिमेकडे जातात, मग खालच्या ओळीत उलट पूर्वेकडे, असे नागमोडी उतरत ३६ वर आग्नेय कोपऱ्यात संपतात. 'सेक्शन १४ चा ईशान्य चतकोर' एवढं वाचलं की कागदावर जागा ठेवता येते. सेक्शन १६ दिसला, पश्चिमेकडे ३६ सुद्धा, तर ती मुळात शाळांसाठी राखलेली जमीन, हे ध्यानात असू द्या. जमिनीचं इंग्रजी वर्णन उजवीकडून डावीकडे वाचायचं: 'साउथवेस्ट क्वार्टर ऑफ द नॉर्थईस्ट क्वार्टर', म्हणजे ईशान्य चतकोराचा नैऋत्य चतकोर, म्हटलं की आधी मोठा चतकोर शोधायचा, मग त्याच्या आतला लहान. उलट केलंत तर शेजाऱ्याची जमीन लिलावात निघते.

पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी या जुन्या राज्यांत मात्र चौकोन नाहीत. तिथं वर्णन 'पांढऱ्या ओक झाडापासून सुरुवात, तिथून उत्तरेस इतके पोल' असं चालतं. आपल्या चतुःसीमेच्या जवळचा हा प्रकार. आणि इथं बेळगावच्या माणसाला एक आयता फायदा आहे. एक पोल (त्यालाच रॉड किंवा पर्चही म्हणतात) म्हणजे साडेसोळा फूट. दोन पोल म्हणजे ३३ फूट. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट. म्हणजे चार चौरस पोलांचा एक गुंठा, आणि १६० चौरस पोलांचा एकर, बरोबर ४० गुंठे. दोन्हीकडे मापाचा पाया ब्रिटिशांचा एकर, त्याचा हा परिणाम. नोटिशीत '८ एकर ४० पर्च' आलं की ८ एकर १० गुंठे म्हणून मोकळे व्हा.

लिलाव बहुधा कोर्टाच्या दारात, दिवसाउजेडी, रोखीनं. मुंबई इलाख्यातल्या त्या वेळच्या बेळगावात १९०८ च्या दिवाणी संहितेप्रमाणे जागेवर दवंडी पिटायची, नोटीस डकवायची आणि स्थावराच्या लिलावाआधी किमान ३० दिवस जाऊ द्यायचे, असा रिवाज होता (ते दिवस १९७६ मध्ये १५ झाले). तिकडे दवंडीचं काम साप्ताहिक करत होतं, आणि त्याचे पैसे घेत होतं. कित्येक गावांत दोन पेपर एकमेकांवर तुटून पडतात त्यामागं राजकारण जेवढं असतं, तेवढाच सरकारी नोटिसा कोणाला मिळणार हा प्रश्न असतो.

दोन प्रकार कोर्टाच्या नोटिसांत मोजू नका. एक, सरकारी जमीन कसून मालकी मागणाऱ्याची नोटीस: वर 'डिपार्टमेंट ऑफ द इंटिरियर' या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या संघीय खात्याचं नाव, खाली चार साक्षीदारांची नावं. डाकोटा, मॉन्टाना भागातली लहान साप्ताहिकं यांच्यावरच तरली. दुसरा, 'माझी बायको घर सोडून गेली आहे, तिच्या उधारीला मी जबाबदार नाही' हा नवऱ्याचा मजकूर. आपल्याकडच्या 'मुलाशी माझा काही संबंध राहिलेला नाही' या नोटिशीचा हा सख्खा भाऊ. कोर्टानं काढलेला नसतो, पण गावातल्या कापडवाल्यासाठी मात्र तो कामाचा होता.

कपड्यांकडे येऊ. आपल्याकडे साडेसातशे मीटर उंचीवरच्या बेळगावात डिसेंबरला स्वेटर-कानटोपीवर भागतं, रानात घोंगडं पुरतं. तिकडे १२ जानेवारी १९१२ ला आयोवातल्या वॉश्टा गावी पारा उणे ४७ फॅरनहाइटला गेला, म्हणजे सुमारे उणे ४४ सेल्सिअस. त्यामुळे जाहिरातीतला प्रत्येक शब्द गिऱ्हाइकाच्या जिवाशी निगडित होता, आणि दुकानदार तो शब्द फार सैल वापरत होता.

'चिंचिला' ओव्हरकोट म्हणजे त्या प्राण्याचं कातडं नव्हे. बारीक गाठी उठवलेलं जाड लोकरी कापड. 'इलेक्ट्रिक सील' किंवा 'नियर सील' म्हणजे कातरून रंगवलेला ससा. 'फ्लीस लाइन्ड' आतले कपडे लोकरीचे वाटतात, पण ते आतून घासून मऊ केलेलं सुती विणकाम असतं. 'आउटिंग फ्लॅनेल' तेही सुती. 'ऑल वूल' लिहिलेल्या कोटात जुन्या चिंध्या पिंजून पुन्हा कातलेली लोकर असू शकायची. लोकरीच्या मालावर खरा मजकूर लिहिण्याची सक्ती १९३९ च्या कायद्यानं आली, फरवर १९५१ च्या. मॅकिनॉ हा आखूड, जाड, बहुधा चौकटींचा कोट लाकूडतोड्यांचा आणि शेतकऱ्यांचा. अल्स्टर लांब, घोडागाडीत बसणाऱ्याचा. युनियन सूट म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध आतला पोशाख. आर्क्टिक म्हणजे बुटावरून चढवायचे रबरी बूट.

किंमत वाचताना दोन खड्डे आहेत. आतल्या कपड्यांचा भाव 'दर नगाला ५० सेंट' असा असतो; सदरा आणि विजार हे दोन नग, म्हणजे जोडी एक डॉलरला. युनियन सूटचा भाव मात्र पूर्ण पोशाखाचा. या दोन्हींची थेट तुलना केलीत तर युनियन सूट विनाकारण महाग वाटतो. दुसरा खड्डा ब्लँकेटच्या मापाचा. '१०-४' हे १० गुणिले ४ फूट नाही. एका वाराचे चार पाव धरून दहा पाव, म्हणजे अडीच वार, ९० इंच. '११-४' म्हणजे पावणेतीन वार. नऊवारी-पाचवारीत वाढलेल्या माणसाला हा हिशेब शिकवावा लागत नाही. आणि डॉलरचे आजचे रुपये करत बसू नका, त्यातून काही निघत नाही. मजुरीशी ताडून पाहा: फोर्डनं जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर जाहीर केले तेव्हा देशभर गवगवा झाला. साध्या मजुराची रोजची कमाई त्याच्या निम्म्याच्याही आत. १५ डॉलरचा ओव्हरकोट म्हणजे त्याचा आठवडाभराहून जास्त घाम.

आता गाठ कुठे बसते ते पाहू. दुकानदार हिवाळी मालाची ऑर्डर वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला फिरत्या विक्रेत्याकडे देतो. माल ऑगस्ट-सप्टेंबरात येतो, बिलाची मुदत पुढं ढकललेली असते. शेतकरी पीक विकून शरदात उधारी फेडेल, त्यातून घाऊक व्यापाऱ्याचं देणं भागेल, असा हिशेब. नोव्हेंबर-डिसेंबर ऊबदार गेले किंवा पिकाचा पैसा अडला की कोट खुंटीला लटकून राहतात आणि बिलं मात्र येतात. जानेवारीतला 'मोजदादीपूर्वीचा सेल' दरवर्षीचा; त्यात काही विशेष नाही. नोव्हेंबरातच किंमत तिसऱ्या हिश्शानं उतरली तर कान टवकारा. १९०७ चा हिवाळा नमुन्यादाखल घ्या: २२ ऑक्टोबरला न्यूयॉर्कची निकरबॉकर ट्रस्ट ही बँकेसारखी वित्तसंस्था कोसळली, देशभर बँकांनी रोख रक्कम देणं आवरतं घेतलं, ठिकठिकाणी क्लिअरिंग हाउसच्या (बँकांचे आपसातले हिशेब मिटवणाऱ्या संस्थेच्या) चिठ्ठ्या चलनासारख्या फिरल्या. त्या दोन-तीन महिन्यांतले अंक उघडा आणि 'रोख' हा शब्द जाहिरातींत कुठे येतो ते बघा.

दिवाळं निघालं तर पुढचा क्रम १८९८ च्या संघीय दिवाळखोरी कायद्यानं बांधलेला आहे, आणि तो क्रम माहीत असला की सेल खरा की बनावट हे ओळखता येतं. धनकोंनी अर्ज करायचा तर देणं किमान १,००० डॉलर हवं. अर्जाला साधारण तिघे लागतात, त्यांचं येणं मिळून ५०० डॉलर. धनको १२ हून कमी असतील तर एकटाही पुरतो. शेतकऱ्यावर आणि वर्षाला १,५०० डॉलरपर्यंत मजुरी मिळवणाऱ्यावर असा सक्तीचा अर्ज करता येत नाही, म्हणून धनकोंच्या अर्जावरून निघालेल्या नोटिसांत दुकानदारच जास्त भेटतात. (आपल्या १९२० च्या प्रांतिक दिवाळखोरी कायद्यात हा उंबरठा ५०० रुपयांचा.) दिवाळखोर ठरल्यापासून १० ते ३० दिवसांत धनकोंची पहिली सभा, तिची नोटीस किमान एकदा पेपरात, शेवटची प्रसिद्धी सभेच्या निदान आठवडाभर आधी. सभेत धनको ट्रस्टी निवडतात. तिघे त्रयस्थ माणसं मालाची किंमत ठरवतात, आणि त्या किमतीच्या ७५ टक्क्यांखाली विकायचं तर कोर्टाची मंजुरी हवी. विक्रीआधी धनकोंना टपालानं १० दिवसांची सूचना.

हे दिवस मांडले की डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिवाळखोर ठरलेल्या दुकानाचा माल डिसेंबरच्या अखेरीआधी बाजारात येणं अवघड दिसतं. तेव्हा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात 'दिवाळखोर दुकानाचा माल' म्हणून जाहिरात आली आणि तिच्यात ट्रस्टी, रेफरी (दिवाळखोरीची कामं पाहणारा कोर्टाचा अधिकारी), कोर्ट यांचा पत्ता नाही, फक्त लांबच्या शहरातल्या कुठल्याशा दुकानाचं नाव आहे, तर तो धंद्याचा डाव समजा. असे दहा दिवसांचे सेल लावून देणारी फिरती मंडळी तेव्हा होती. खरा सेल असेल तर त्या दुकानाच्या गावच्या मागच्या दोन महिन्यांच्या अंकांत त्याच नावाची बारीक टाइपातली नोटीस सापडलीच पाहिजे. अपवाद एक: दुकानदारानं कोर्टात न जाता सगळा माल एकगठ्ठा दुसऱ्याला विकला तर. शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच राज्यांनी कायदे करून अशा विक्रीआधी धनकोंना कळवणं सक्तीचं केलं, पण ते कळवणं पेपरात दिसेलच असं नाही.

१९१३ नंतरचे अंक वाचताना आणखी एक धागा जोडा. १ जानेवारी १९१३ ला पार्सल पोस्ट सुरू झालं, वजनाची मर्यादा ११ पौंड. जाड ओव्हरकोट त्यात आरामात बसतो. त्याच वर्षी जवळच्या अंतरासाठी मर्यादा २० पौंडांवर गेली, १९१४ च्या सुरुवातीला ५० वर. टपालानं माल विकणाऱ्या शिकागोच्या कॅटलॉगवाल्यांना गावोगावची दारं उघडली, आणि 'आपल्या गावातच खरेदी करा' असा गळा काढणारे स्तंभ साप्ताहिकांत वाढले. ते लिहिणारा संपादक कोणाच्या जाहिरातींवर जगतो, ते वर आलंच आहे.

काम करताना वहीत एकेका दुकानाला एक पान द्या. डावीकडे जाहिराती: तारीख, माल, मूळ भाव, उतरलेला भाव, रोख की उधार. उजवीकडे नोटिसा: पहिली प्रसिद्धी, कोर्ट, प्रकार, ठरलेली तारीख. दुकानाचं नाव आणि मालकाचं नाव वेगळं असतं. नोटीस मालकाच्या नावानं येते, 'अमुक म्हणून व्यापार करणारा' अशा जोडणीसह, तेव्हा दोन्ही नावं पानाच्या डोक्यावर लिहा. दिवाळखोर ठरल्यानंतर धनकोंना येणं सिद्ध करायला वर्षाची मुदत असते, आणि कर्जमुक्तीचा अर्ज एक महिन्यानंतर, पुढच्या बारा महिन्यांत करता येतो. त्या अर्जाच्या सुनावणीची नोटीसही पेपरात येते, आणि बहुतेक जण तोवर वाचायचं थांबलेले असतात. पुढच्या सप्टेंबरपर्यंतचे अंक चाळा. त्याच जागेवर, त्याच पत्त्यावर, हिवाळी मालाची पहिली जाहिरात कोणाच्या नावानं येते ते टिपून मगच ते पान बंद करा.